शारजाला निघालात, गुरुजी? आधी पिशव्या उघडा

पत्र :

"आम्ही उदगीरचे. मी निवृत्त शिक्षक, वय ६७. मंडळींचं वय ६२. मुलगा शारजात नोकरीला आहे. सुनेचं बाळंतपण जानेवारीच्या मध्यावर. तिच्या माहेरी करणारं कुणी नाही, म्हणून आम्ही दोघं जानेवारीच्या सुरुवातीला दोन महिन्यांसाठी जायलोत. देशाबाहेर पहिल्यांदाच. मुलगा म्हणतो, 'व्हिसाचं मी बघतो, तुम्ही फक्त या.' पण इथं जो तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो गोळ्या नेऊ देत नाहीत, दुसरा म्हणतो कुणी विचारत पण नाही. शेजारी म्हणायलेत, तिकडं युद्धाचं वातावरण आहे, जाऊ नका. साडूभाऊ म्हणतात, परतताना आठ दिवस केनिया करू. पुतण्या मागं लागलाय, मला पण व्हिजिटवर न्या, तिकडं नोकरी बघतो. मला शुगर आणि बीपी आहे. मंडळींचे गुडघे दुखतात, तळपायांची आग होते, रात्री झोपेची अर्धी गोळी लागते. माझा पासपोर्ट मे महिन्यात संपतो, पण आम्ही मार्चमध्येच परत येणार, त्यामुळं त्याची अडचण नसावी. नक्की काय तपासावं आणि कुणाला विचारावं?"
— एक वाचक, उदगीर

गुरुजी, नमस्कार. आजोबा होताय, त्याचं आधी अभिनंदन.

पासपोर्टचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी सुरुवात तिथूनच करते. अडचण आहे, आणि पत्रातल्या सगळ्या अडचणींत तीच पहिली आहे. यूएईत उतरताना पासपोर्टची मुदत त्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक असावी लागते. जानेवारीत उतरणार म्हणजे जुलैपर्यंत. मार्चमध्ये परत येणार हा तुमचा बेत झाला, विमान कंपनीच्या काउंटरवर बेत बघत नाहीत, तारीख बघतात. मे महिना दिसला की तुम्हाला तिथूनच घरी पाठवतील आणि तिकिटाचे पैसे बुडतील.

पासपोर्ट संपायच्या एक वर्ष आधीपासून नवा काढून घेता येतो. पासपोर्टच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरून जवळच्या पासपोर्ट केंद्राची तारीख घ्या. ३६ पानांच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तात्काळ हवा असेल तर वर २,०००. तुमच्याकडे दिवस थोडे आहेत, तात्काळच भरा. आणि मुलाला आजच फोन करून सांगा की नवा पासपोर्ट हातात पडेपर्यंत व्हिसाचा अर्ज टाकू नकोस. व्हिसा पासपोर्टच्या नंबरावर निघतो. जुन्या नंबरावर काढलेला व्हिसा नव्या पासपोर्टाला चिकटवता येत नाही. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकीट. स्वस्त मिळालं म्हणून तिकीट आधी काढणारे लोक मी तिकिटांच्या या धंद्यात फार पाहिलेत.

काकूंचाही पासपोर्ट उघडून नावाचे दोन रकाने बघा. आपल्याकडं जुन्या पिढीतल्या बायकांच्या कागदांवर पुष्कळदा नुसतं नाव असतं, आडनावाचा रकाना मोकळा. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईनं नियम काढला की पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही. नंतर खुलासा आला की आतल्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल. तरीही रकाना मोकळा असेल तर तुमच्याबरोबर त्यांचाही पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. खुलाशाचा कागद काउंटरवर दाखवत वाद घालत बसण्याचं तुमचं वय नाही.

आता "कुणाला विचारावं" याचं उत्तर. पत्रात तुम्ही मुलगा, शेजारी, साडू, पुतण्या असे सगळे सल्लागार मांडलेत. त्यातला एकही खोटं बोलत नसेल. फक्त प्रत्येक जण स्वतःला काय चालून गेलं तेवढं सांगतोय. कुणाच्या बॅगेची तपासणी झाली नाही, तो म्हणणार "काही विचारत नाहीत". नियम तोच राहतो, तपासणीचा दिवस वेगळा असतो. शिवाय नियम बदलतात. इराणनं फेब्रुवारी २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला होता, आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती सवलत थांबवली, कारण नोकरीच्या आमिषानं नेलेल्या भारतीयांच्या अपहरणाचे प्रकार झाले. थायलंडला आपल्याला व्हिसा लागत नव्हता तरी १ मे २०२५ पासून निघण्याआधी ऑनलाइन आगमन अर्ज भरणं सक्तीचं झालं. त्याच्या आदल्या महिन्यात जाऊन आलेला माणूस छातीठोकपणे सांगेल, "काही भरायचं नसतं." त्याच्यापुरतं ते खरं होतं.

म्हणून प्रवेशाचे नियम तीन ठिकाणी बघायचे. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर, तिथल्या आपल्या दूतावासाच्या पानावर, आणि विमान कंपनीकडे. विमान कंपनीला लोक विचारत नाहीत, पण विमानात बसू द्यायचं की नाही हे ठरवते तीच. त्यांच्या संगणकात टिमॅटिक नावाची नियमांची यादी असते, तुमचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आणि कुठे निघालात हे टाकलं की काय लागतं ते दिसतं. अजून एक. मोबाइलवर इंग्रजीत शोधलं की बऱ्याचदा अमेरिकेच्या किंवा ब्रिटनच्या सरकारची पानं वर येतात. सुरक्षेची परिस्थिती समजायला ती उत्तम, पण प्रवेशाचे नियम त्यांनी त्यांच्या नागरिकांसाठी लिहिलेले असतात. "व्हिसा ऑन अरायव्हल" वाचून खूश होण्याआधी कुणाच्या पासपोर्टबद्दल लिहिलंय ते बघायचं.

मुलानं व्हिसा पाठवला की तोही तपासा. मुलावर विश्वास नाही म्हणून नव्हे, टाइप करणारा कुणी तिसराच असतो म्हणून. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवा. वहीतल्या चुका शोधण्यात तुमची हयात गेलीय, हे काम तुमच्यासारखं कुणी करणार नाही. दुबईनं दिलेला व्हिसा जीडीआरएफए या तिथल्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो, शारजासह बाकीच्या अमिरातींचा आयसीपी या केंद्रीय खात्याच्या. व्हिसा किती दिवसांचा आहे तेही बघा. दोन महिने म्हणजे साठ दिवस धरायचे, ६२ नव्हे. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर माणशी रोज ५० दिरहम दंड आहे. बाळंतपण पुढंमागं होतं, तेव्हा मुदत वाढवायची झाली तर ती संपायच्या आत वाढवायला मुलाला आत्ताच सांगून ठेवा.

आता औषधं. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुम्ही ज्या गोळ्यांचं वर्णन केलंय त्याच गोळ्यांनी लोक अडकतात. गुडघ्यांसाठी काकूंना दिलेल्या गोळीत ट्रामाडॉल आहे का बघा, बऱ्याच दुखण्याच्या गोळ्यांत ते पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं असतं. तळपायांच्या आगीसाठी आपल्याकडं सर्रास प्रीगाबालिन देतात. झोपेची अर्धी गोळी बहुतेक अल्प्राझोलाम असेल. ही तिन्ही औषधं यूएईत नियंत्रित यादीत आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही तसंच. आपल्या गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं नुसत्या नावावर दिलेली पट्टी तिथं बिनपरवान्याची सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. वय आणि भाबडेपणा बघून सोडून देतील, या भरवशावर राहू नका.

घाबरून गोळ्या बंद मात्र करू नका. झोपेची गोळी एकदम बंद केली तर त्रास होतो, ते तुमच्या डॉक्टरांनीच हळूहळू करायचं काम आहे. या आठवड्यातच सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, यातलं काय बदलता येईल, काय थांबवता येईल. जे राहील त्यासाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी प्रवासाआधी काढता येते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि आजाराचा दाखला लागतो. चिठ्ठी टाइप केलेली, इंग्रजीत, सही-शिक्क्याची, पासपोर्टवरच्याच नावाची हवी. औषधाचं कंपनीचं नाव चालत नाही, मूळ औषधाचं नाव आणि डोस लिहून घ्या. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिथल्या फार्मसिस्टला कळणार नाही. तुमच्या शुगरच्या आणि बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांना सहसा अडचण येत नाही, पण त्याही चिठ्ठीत असू द्या. सगळ्या गोळ्या मूळ पट्टीत न्यायच्या. आठवड्याचे वार छापलेल्या डब्यात भरून नेल्या की कुठली कुठली ते कुणालाच सांगता येत नाही. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन घेत असाल तर ते तर नक्कीच, कारण खालच्या सामानात ते गोठून खराब होऊ शकतं. मुक्कामाला लागतील त्याहून आठ-दहा दिवसांच्या जास्त घ्या, का ते पुढं येईल.

लसीचं कुणी तुम्हाला सांगितलं नसेल. यूएईत जायला भारतातून येणाऱ्या प्रवाशाला कुठली लस सक्तीची नाही. पण तुम्ही तान्ह्या बाळाला मांडीवर घ्यायला निघालात. मोठ्यांना साधा खोकला वाटणारा डांग्या खोकला तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततो, आणि बाळाला त्याची स्वतःची लस मिळायला सहा ते आठ आठवडे जातात. म्हणून दोघांनी डॉक्टरांना विचारून टीडॅप (तिच्यात डांग्या खोकल्याची लस येते) आणि फ्लूची लस निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. सुनेला काही सांगायची वेळ येण्याआधी तुम्ही ते करून गेलात तर तिला बरं वाटेल.

प्रवासाचा विमा काढताना शुगर-बीपी लपवू नका. एजंट म्हणतो "लिहू नका, हप्ता वाढतो". दाव्याच्या वेळी तो फोन उचलत नाही. पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला संरक्षण आहे का, की फक्त जिवावर बेतलं तरच आहे, हे एक कलम वाचा, बाकीची पानं नाही वाचली तरी चालेल.

आता काकूंच्या पिशवीकडे येऊ. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू निघालेच असणार, आणि त्यात खसखस असणारच. खसखस यूएईत अमली पदार्थांत मोडते. मूठभर असो की चिमूटभर. मसाल्यातही असते, तेव्हा काळं तिखट घरी केलेलं असेल तर त्यात काय काय पडलंय ते आठवून बघा. लाडू खसखशीशिवाय करा, चवीत कमी पडेल तेवढं पडू द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढून ठेवा, त्या तर २०२२ पासून आपल्याच विमानतळावर सामानात चालत नाहीत. खोबरं शारजाच्या दुकानात मिळतं, खारीक-बदाम तर आपल्यापेक्षा चांगले. तुम्ही किंवा सोबतचं कुणी पान खात असेल तर विड्याची पानं, गुटखा, तंबाखूची पुडी घरीच ठेवा. आणि बाळाच्या दंडाला बांधायला कुणी भारलेला दोरा, ताईत दिला असेल तर तोही. जादूटोण्याचं साहित्य आणण्यावर तिथं कायद्यानं बंदी आहे, तुमच्या श्रद्धेचा अर्थ कस्टम्सवाल्याला समजावून सांगायला तुम्हाला अरबी येत नाही. बाकीच्या खाऊचं तिथल्या कस्टम्सची यादी बघून ठरवा.

"आमच्या पोराला एवढी पिशवी द्या" म्हणणारे उदगीरमध्ये किमान चार घरं निघतील. नाही म्हणायचं. तुम्हाला जड जाईल, गावातला शिक्षक माणूस, सगळे ओळखीचे. तरीही नाही. २०१९ साली मुंबईचं एक नवरा-बायको कतारला गेलं, नात्यातल्याच बाईनं सोबत दिलेलं पाकीट त्यांच्या सामानात होतं. त्यात चार किलोच्या वर चरस निघाली. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, बाई गरोदर होती, मूल तुरुंगात जन्मलं. भारतातल्या तपासात त्यांना फसवलं गेल्याचं समोर आलं आणि २०२१ मध्ये ते सुटून परत आले. दोन वर्षं गेली ती गेलीच. नकार द्यायला कारण हवं असेल तर माझं नाव सांगा, म्हणा तिकीटवाल्या बाईनं वजन भरलंय म्हणून सांगितलं.

शेजाऱ्यांच्या युद्धाच्या बातम्या पूर्ण फोल नाहीत. २३ जून २०२५ ला इराणनं कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा आखातातल्या काही देशांनी आपलं आकाश काही तास बंद केलं, यूएईकडे निघालेली विमानं वाटेतून वळवली, प्रवासी विमानतळांवर अडकले. म्हणून गोळ्या जास्त घ्यायला सांगितल्या. पण टीव्हीवर आखात म्हणून जो नकाशा दाखवतात त्यात शारजा कुठं आणि तणाव कुठं हे बघायला हवं. ते टीव्हीवाले सांगत नाहीत. आपलं परराष्ट्र मंत्रालय एखाद्या देशात जाऊ नका असं सांगायचं असेल तर तसं पत्रक काढतं. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात रोज एकदा मंत्रालयाचं आणि दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं पान बघा. यूएईबद्दल असं पत्रक असेल तर तिकीट रद्द करा, मी स्वतः सांगेन. नसेल तर शेजाऱ्यांना नमस्कार करून निघा. तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी. मुंबई गाठू नका, उदगीरहून हैदराबाद तुम्हाला जवळ, तिथून शारजाला थेट विमानं आहेत, वाटेत उतरून दुसरं विमान पकडायची भानगड नाही. तिथं पोलिसांचा नंबर ९९९ आणि रुग्णवाहिकेचा ९९८, हे फोनमध्येही ठेवा आणि कागदावरही, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

साडूभाऊंचा केनियाचा बेत मला पटत नाही, स्पष्टच सांगते. केनियाला जाण्याआधी ईटीए ही ऑनलाइन परवानगी लागते, ती सोपी आहे. खरी अडचण पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. केनिया त्या तापाच्या धोक्याच्या देशांत येतो. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरायचं तर पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं, नाहीतर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस कुठंही मिळत नाही, सरकारमान्य केंद्रं मोजकीच आहेत. तुम्हाला जवळचं म्हणजे हैदराबादला नारायणगुड्याची इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन. पण ही जिवंत विषाणूची लस आहे, आणि साठीच्या पुढं पहिल्यांदा घेणाऱ्यांत तिच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. तुम्ही दोघंही साठीपुढचे. वर मलेरियाच्या गोळ्या आल्या. सिंह बघायची हौस असेल तर गीरला जा. आणि केनियाहून फिरून परत शारजाला यायचं म्हणत असतील, तर तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, बाहेर पडलात की तो संपला.

राहिला पुतण्या. त्याला सोबत न्यायचं नाही. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथं बेकायदा आहे. सापडला तर दंड, परत पाठवणी, आणि व्हिसासाठी धावपळ करणाऱ्या तुमच्या मुलालाही ताप. त्याला खरंच जायचं असेल तर रस्ता आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी असते, त्यात नाव नसलेल्या माणसाला कागद दाखवायचासुद्धा नाही. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. लाख-दीड लाख मागणारा कोण ते त्यावरून ओळखावं. पुतण्या दहावी पास नसेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असेल, म्हणजे यूएईसह १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. तिच्याबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेत दोन वर्षांना २७५ रुपयांत दहा लाखांचा विमा मिळतो. आणि कुणी त्याला थायलंडमध्ये संगणकावर डेटा भरायची नोकरी, पगार डॉलरमध्ये, असं दाखवत असेल तर त्याचा फोन काढून घ्या. अशा तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावतात, याचा इशारा आपल्या सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. मार्च २०२५ मध्ये तिथून ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी आणावं लागलं.

पासपोर्ट केंद्राची तारीख जानेवारीच्या आत मिळाली नाही तर मला लगेच कळवा. तशा वेळी काकूंना आधी एकटीला पाठवता येईल, विमान कंपनीकडे मदतनीस सांगता येतो आणि तो विमानापर्यंत नेऊन बसवतो. बाळंतपणाला त्यांची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे.